पाळणे आणि ऐकणे

आमचे घर सोनगीरच्या तांबटांचे. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना महामार्गालगत किल्ल्याची टेकडी दिसते, तिच्या पायथ्याचे हे गाव. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी गावाचे नाव दूरवर माहीत आहे. पूर्वी गल्लीत शिरले की हातोड्यांच्या ठोक्यांत शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. आता ठोके कमी झाले, पण थांबलेले नाहीत. माझे वय एकोणसत्तर. गळ्यात माळ आहे, एकादशी आहे, आणि गेली तेवीस वर्षे आषाढी वारीही होती. ‘होती’ असे का म्हटले, ते पुढे येईलच.

वारकऱ्याच्या लेखणीतून कुत्र्याची गोष्ट यावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आपल्या संप्रदायाला कुत्रा परका नाही. नामदेवरायांच्या ताटातली भाकरी घेऊन कुत्रा पळाला, तेव्हा कोरडी भाकरी खाऊ नका म्हणत ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ही कथा मी शंभर कीर्तनांत ऐकली असेल. दर वेळी डोळ्यांत पाणी आले, आणि घरी येताना वाटेतल्या कुत्र्याला ‘हाड’ म्हणालो. हेच मला आज कबूल करायचे आहे.

२०२३ च्या दिवाळीत नातवाने पुण्याहून एक पिल्लू आणले. जात बुल टेरियर. पांढरेशुभ्र, डोके अंड्यासारखे लांबट, डोळे बारीक त्रिकोणी, कान ताठ. दोन महिन्यांचे पिल्लू, पण अंगात पैलवानाची रग. सहा महिन्यांत ते वीस किलोच्या पुढे गेले. दोरी धरणाऱ्यालाच ओढत न्यायचे. नातू मोठ्या कौतुकाने त्याला ‘टायगर’ म्हणे. आमच्या सौभाग्यवती रंगावरून ‘पांडू’ म्हणू लागल्या. मी रागावलो. पांडुरंगाचे नाव कुत्र्याला? त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, नामदेवांना भाकरी नेणाऱ्यात कोण दिसला होता?” मी गप्प बसलो. नावावरून आम्ही तिघे असे भांडत होतो. त्या पिल्लाला यांतले एकही नाव ऐकू येत नव्हते, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

या जातीची हकिकत नातवाने मला सांगितली, तेव्हा मन विटले. इंग्लंडात पूर्वी खांबाला बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ होता. बैलाच्या नाकाला चावा घेऊन लोंबकळत राहील असा कुत्रा त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवला गेला. १८३५ मध्ये तिथल्या कायद्याने तो खेळ बंद केला, तेव्हा लोक चोरून कुत्र्यांच्याच झुंजी लावू लागले. पुढे बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स नावाच्या व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या रक्तात दुसऱ्या जाती मिसळून हा पांढरा, रुबाबदार, घरात राहणारा बुल टेरियर तयार केला. आम्ही खान्देशातली माणसे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावतो, त्याला पुरणपोळीचा घास भरवतो, वर्षभर मारलेल्या चाबकाची मनोमन माफी मागतो. अशा घरात बैलाचे नाक फाडण्यासाठी घडवलेल्या वंशाचा जीव आला. हा दोष कोणाचा, असा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. कुत्र्याने काही आपले जबडे मागून घेतले नव्हते. माणसाने करमणुकीसाठी ते त्याला दिले आणि मग त्याच जबड्यांना माणूस भिऊ लागला.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल टेरियरसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी, असे पत्र राज्यांना पाठवले. गल्लीत कोणी तरी ती बातमी मोबाईलवर दाखवली आणि आमच्या पांडूचे नाव ‘पिटबुल’ पडले. बुल टेरियर आणि पिटबुल या वेगळ्या जाती आहेत, हे मी कोणाकोणाला समजावणार? पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने, ज्यांचा संबंध येतो त्यांचे म्हणणे न ऐकता काढले म्हणून, ते परिपत्रक रद्द केले. ती बातमी मात्र गल्लीत पोचली नाही. जूनमध्ये नातवाला बंगळुरूला नोकरी लागली. खोलीमालक कुत्रा ठेवू देईना. “आबा, दोन महिने सांभाळा,” म्हणून तो गेला. दोन महिन्यांचे चार झाले आणि मग त्याने तो विषय काढणेच सोडले.

आता कुत्रा माझा. आणि तो माझे ऐकत नव्हता. हाक मारली तर पाठ फिरवून बसे. ‘नाही’ म्हटले तरी चप्पल फाडे. अंगणात ओरडलो तरी धावत सुटे. गावातले जाणते म्हणाले, “या जातीला वचक लागतो.” मीही हातोडी धरणारा माणूस. ठोक्याशिवाय भांड्याला आकार येत नाही, हे लहानपणापासून हाताला ठाऊक. मी काठी घेतली. एकदा नव्हे, पुष्कळदा. तो कण्हत कोपऱ्यात बसे आणि थोड्या वेळाने येऊन पुन्हा माझ्या पायावर डोके ठेवी. मला वाटे, निर्लज्ज आहे.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान होता. गल्लीत ठोके सुरू झाले की नवे जनावर बिथरते. आमच्या शेळ्याही सुरुवातीला बिथरत. हा पठ्ठ्या ऐरणीपासून चार हातांवर ताणून झोपे. मी आल्यागेल्याला सांगे, “पाहा, किती धीट आहे!” खूण डोळ्यांसमोर होती आणि मी तिचे कौतुक करत बसलो होतो.

त्या वर्षी कार्तिकी एकादशीला आमच्या ओसरीवर हरिपाठ होता. पांडूला मागच्या दारी बांधले होते. दिवसभर त्याला फिरवलेही नव्हते. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा खेळता खेळता मागे गेला. कुत्रा झोपलेला पाहून त्याने मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकून उठला, उसळला, आणि त्याच्या धक्क्याने मुलगा दगडी पायरीवर पडला. कोपरावर दाताचा ओरखडा उठला. आम्ही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली, रात्रीच दवाखान्यात नेऊन रेबीजची लस सुरू केली. कुत्र्याचे लसीकरण झालेले होते, जखम उथळ होती. पण मुलाची आई दारात उभी राहून एवढेच म्हणाली, “आण्णा, आज मन्हा पोऱ्या पडना. सकाय चावना तं मंग?” आवाजात राग नव्हता, भीती होती. रागाला उत्तर देता येते. त्या भीतीला माझ्याकडे उत्तर नव्हते.

द्वादशीच्या पहाटे मी उठलो. पारणे व्हायचे होते. पांडूला ओळखीच्या टेम्पोत घातले आणि महामार्गाने पुढे एका बंद पडलेल्या ढाब्याजवळ उतरलो. तिथे त्याला सोडायचे ठरवले होते. उपवास अजून सोडला नव्हता आणि त्याच्या आधी कुत्रा सोडायला निघालो होतो. गळ्यात माळ तशीच होती. मी दोरी काढली. तो पळाला नाही. रस्त्याकडे पाठ करून बसला आणि माझ्या हातातल्या दोरीकडे पाहू लागला. तेवढ्यात त्याच्या मागून एक ट्रक प्रेशर हॉर्न वाजवत गेला. मी कानांवर हात ठेवले, काळीज हलले. त्याच्या ताठ कानांची पातीसुद्धा हलली नाही.

मी त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवली. खिशातले टाळ काढून जोरात वाजवले. काही नाही. मग समोर येऊन हात हलवला, तशी त्याची शेपूट हलली. त्या ढाब्याच्या ओट्यावर मी बराच वेळ बसलो. वर्षभर हा माझे ‘ऐकत नव्हता’ आणि मी त्याला त्यासाठी मारत होतो. पुढे धुळ्याच्या पशुवैद्यांनी तपासून तेच सांगितले. दोन्ही कान जन्मापासून बंद. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये हा दोष रंगीत कुत्र्यांपेक्षा जास्त आढळतो, असेही ते म्हणाले. ज्या पांढऱ्या रंगासाठी लोक पैसे मोजतात, त्याच रंगाबरोबर हे बहिरेपण येते.

सज्जनहो, आपल्या भाषेत ‘ऐकणे’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. कानांनी ऐकणे आणि सांगितले ते मानणे. मुलगा ऐकत नाही, सून ऐकत नाही, कुत्रा ऐकत नाही, असे आपण म्हणतो, तेव्हा दुसऱ्या अर्थाने म्हणतो. पहिल्या अर्थाची चौकशी करत नाही. माझे बोलणे त्याच्यापर्यंत पोचले का, हा प्रश्न आधी आणि त्याने मानले का, हा नंतर. हा क्रम मी उलटा केला होता. आणि तसे पाहिले तर बहिरा कोण होता? मला दोन्ही कानांनी शंभर कीर्तने ऐकू आली होती.

काठीबद्दलही एक सांगायला हवे. ठोक्यांनी आकार येतो हे अर्धेच खरे, आणि तांबट असून मी ते विसरलो. तांब्याचा पत्रा ठोकत राहिलात तर तो कडक होत जातो. तसाच ठोकला तर चिरतो. म्हणून मधूनमधून तो भट्टीत तापवून मऊ करावा लागतो. मगच पुढचा ठोका पडतो, शेवटी मठारकाम होते. बिनजिवाच्या धातूलाही सलग मार सोसत नाही. मग सजीवाला मी तो कोणत्या हिशोबाने देत होतो?

ऐकू न येणाऱ्याला शिकवायचे कसे? उत्तर वारीतच होते. माउलींच्या पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी हजारो कंठ, टाळ, मृदंग एका लयीत चाललेले असतात. चोपदार हातातला दंड वर करतात आणि सारे शांत होते. ना आरडाओरडा, ना धक्काबुक्की. एक हात वर जातो आणि सगळे तो पाहतात, कारण पाहायची सवय आहे. मी पांडूला हातांच्या खुणा शिकवल्या. पंजा वर म्हणजे थांब. तळवा खाली म्हणजे बस. दोन्ही हात छातीशी म्हणजे ये. अंगठा वर म्हणजे शाबास, आणि लगेच घास. झोपेतून उठवायचे तर हात लावायचा नाही. जमिनीवर पाय आपटायचा, हादरा कळतो. रात्री अंगणात बॅटरी दोनदा लावायची. ज्याला मी अडाणी समजत होतो, तो तीन आठवड्यांत पाच खुणा शिकला.

दुसरी गोष्ट रिंगणाने शिकवली. लाखोंच्या गर्दीत माउलींचा अश्व मोकळा दौडतो आणि कोणाला इजा होत नाही. घोडा दुबळा असतो म्हणून नव्हे. त्याच्या दौडीसाठी आखलेली जागा असते, ठरलेली वेळ असते, सांभाळणारे असतात. ताकदीला मोकळे रान दिले तर ती अपघात करते आणि कोंडून ठेवली तर भिंत पाडते. तिला रिंगण लागते. धावायला घडवलेल्या जिवाला मी दिवसभर चार हात दोरीला बांधले होते आणि तो उसळला म्हणून त्यालाच दोष दिला. आता पहाटे साडेचारला आम्ही किल्ल्याच्या बाजूला जातो. आमच्याकडे चैत्र-वैशाखात नऊनंतर जमीन पाय भाजते आणि आखूड पांढऱ्या केसांच्या कातडीला ऊन बाधते, म्हणून पहाटच. अंगभर बसणारा पट्टा, वीस हात लांब दोर, मऊ मातीचे शेत. हाडे पक्की होईपर्यंत डांबरी रस्त्यावर दमवायचे नाही, असे पशुवैद्यांनी बजावले होते. दोर मात्र सुटत नाही. ज्याला हॉर्न ऐकू येत नाही, त्याला महामार्गाच्या गावात मोकळे सोडणे ही दया नव्हे.

दयेबद्दल माझी एक समजूत तिथे बदलली. कुत्र्यावरची माझी दया शेजारच्या मुलाच्या भीतीवर उभी राहता कामा नये. नामदेवरायांचा देव भाकरी नेणाऱ्यात होता, तसाच पायरीवर पडलेल्या त्या पोरातही होता. म्हणून घराला दुहेरी फाटक केले, ‘कुत्रा बहिरा आहे, हात लावू नका’ अशी पाटी लावली, गल्लीतून जाताना त्याच्या तोंडाला जाळी घालतो. लोक म्हणतात, बिचाऱ्याला कशाला? मी सांगतो, जाळी त्याच्या तोंडाला असली तरी ती माझी जबाबदारी आहे. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये शिक्षा आहे. जनावराला उपाशीतापाशी टाकून देणे आणि त्याला झुंजीस भरीस घालणे हे दोन्ही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत. द्वादशीच्या त्या पहाटे मी यांतला एक गुन्हा करायला निघालो होतो, हेही मला नंतर कळले.

माळकऱ्याच्या घरात त्याने खायचे काय, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नसतो. भाकरी, डाळ, दूध यांवर तो जगतो, पण अंगमेहनतीच्या वाढत्या कुत्र्याला तेवढे पुरत नाही, असे पशुवैद्य म्हणाले. मी विचार केला. माळ मी घातली आहे, त्याने नाही. माझे व्रत त्याच्या हाडांतून वसूल करण्याचा अधिकार मला नाही. घरात मांस शिजत नाही, ते शिजणार नाही. त्याचे कोरडे खाद्य वेगळ्या डब्यात, मागच्या दारी. आणि प्रसादाच्या शिऱ्यातला मनुका त्याला द्यायचा नाही. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना तो घातक ठरतो. श्रद्धेने दिलेला घासही आधी पाहून द्यावा लागतो.

एका कीर्तनकार स्नेह्यांनी मला विचारले, “आण्णा, गावरान पिल्ले उकिरड्यावर मरतात आणि तुम्ही हे परदेशी लढाऊ जनावर सांभाळता. यात कसला परमार्थ?” त्यांचे म्हणणे खरे आहे. नातवाने तो विकत आणायला नको होता. हौसेसाठी आणलेला प्रत्येक जीव पुढच्या दहा पैदाशींना गिऱ्हाईक दाखवतो. कोणी विचारले तर मी हेच सांगतो की, विकत आणू नका. पण आणताना झालेली चूक त्याला टाकून दुरुस्त होत नाही. धर्मराजाने स्वर्गाच्या दारात इंद्राचा रथ नाकारला, तेव्हा सोबत आलेला कुत्रा कोणत्या जातीचा, हे विचारले नव्हते.

आता वारीचे सांगतो. २०२५ च्या आषाढात पांडूच्या खुणा घरात फक्त मला येत होत्या. सौभाग्यवतींच्या मनगटात त्याला आवरण्याची ताकद नाही. वीस दिवस त्याला कोणाच्या हाती द्यावे? बांधून ठेवले तर पुन्हा तेच. तेवीस वर्षांची वारी चुकणार होती. रात्री झोप येईना. मन म्हणे, कुत्र्यासाठी वारी सोडतोस? दुसरे मन म्हणे, जबाबदारी सोडून कोणाच्या भेटीला निघालास? आपला देव विटेवर का उभा आहे, हे मला तेव्हा पुन्हा आठवले. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, उठला नाही, आणि देव थांबला. कुत्र्याची तुलना मी आईवडिलांशी करत नाही. एवढेच म्हणतो की, हातातले काम टाकून येणाऱ्याची घाई त्या देवाला नाही.

मग दुसरा शब्द समोर आला. आपण एकादशी पाळतो, शब्द पाळतो, नेम पाळतो, आणि गाय, कुत्राही पाळतो. शब्द तोच, पाळणे. एकादशी पाळायची तर भूक लागली म्हणून दुपारी सोडता येत नाही. मग जीव पाळताना अडचण आली की सोडायचा, ही मुभा कोणी दिली? वारी पाळणे आणि हा जीव पाळणे यांत मी एकाला व्रत समजत होतो आणि दुसऱ्याला कटकट. मी घरी राहिलो. आषाढीला पहाटे टेकडीच्या पायथ्याशी पांडूबरोबर उभा राहून दक्षिणेकडे हात जोडले. डोळ्यांत पाणी आले ते सोसले. मला फार मोठे समाधान लाभले, असे खोटे सांगणार नाही. वारी चुकल्याचे दुःख आजही आहे. पण अपराध केल्यासारखे वाटले नाही.

आता तो अडीच वर्षांचा आहे. अशी कुत्री दहा-बारा वर्षे जगतात. हिशोब केला तर मी ऐंशीच्या घरात असेन, किंवा नसेन. म्हणून गेल्या पोळ्याला नातू आला, तेव्हा त्याला समोर बसवून म्हणालो, “हा तू आणलास. माझ्यानंतर तो तुझा. आज कबूल कर.” तो खाली मान घालून म्हणाला, “आबा, चुकलो.” मी म्हणालो, “चुकलो म्हणून भागत नाही. हात वर कर.” त्याने पंजा वर केला. पांडू त्याच्यासमोर थांबला. चार दिवस तो सगळ्या खुणा गिरवत होता. शेजारचा तो मुलगाही फाटकाबाहेर उभा राहून पाहत होता. शेवटच्या दिवशी त्याने आईच्या कमरेला धरून, दुरूनच, तळवा खाली केला. पांडू बसला. मुलगा हसला. त्याची आई हसली नाही, पण थांबली.

या आषाढात नातू वीस दिवसांची रजा टाकून येणार आहे. तो पांडूचे पाळणार, मी वारीचे पाळणार. पालखी तळावर विसावेल, चोपदारांचा दंड वर जाईल आणि सारे शांत होईल, तेव्हा मला माझ्या अंगणातला एक बहिरा जीव आठवेल. त्याने मला ऐकायला शिकवले.

रामकृष्णहरी.